खांब कशाला म्हणायचे?

जळगाव किंवा धुळे शहरात एखाद्या इमारतीच्या गच्चीवर मोबाइलचा मनोरा उभा असतो. तो इमारत आहे की यंत्र? जमिनीचा भाग आहे की उचलून नेता येणारी वस्तू? प्रश्न वरवर पोरकट वाटतो, पण सर्वोच्च न्यायालयाला तो दोनदा सोडवावा लागला आणि दोन्ही वेळा उत्तर वेगळे आले. अहमदाबाद महानगरपालिकेच्या खटल्यात, डिसेंबर 2016मध्ये, न्यायालयाने मालमत्ताकरापुरता मनोरा 'इमारत' ठरवला. नोव्हेंबर 2024मध्ये, पुण्याच्या उत्पादनशुल्क आयुक्तालयाशी भारती एअरटेलच्या चाललेल्या वादात, तोच मनोरा जंगम माल ठरला. तो जमिनीला जखडलेला असतो तो जमिनीच्या उपभोगासाठी नव्हे, अँटेना स्थिर राहावी म्हणून. आणि सुटा करून दुसरीकडे उभारताही येतो, असे त्यामागचे तर्कशास्त्र.

यात विसंगती शोधण्याची घाई करू नये. कायद्यातली व्याख्या वस्तूचा स्वभाव सांगत नाही, कोणत्या कामापुरते तिला काय मानायचे तेवढे सांगते. महापालिकेला कर हवा असतो, कंपनीला आधी भरलेल्या कराची वजावट. दोघांचेही वकील न्यायालयात हजर होते, दोघांचेही म्हणणे ऐकले गेले. माझा प्रश्न जो तिथे हजर नव्हता त्याच्याबद्दल आहे. मनोऱ्याखाली गच्ची असते, खांबाखाली शेत असते आणि त्या दोन्हींचा कुणीतरी मालक असतो. व्याख्येत त्याला कुठे जागा आहे?

1885च्या भारतीय तार कायद्यातली 'पोस्ट'ची व्याख्या पाहा. खांब, ताण, टेकू, किंवा तार वाहण्यासाठी, टांगण्यासाठी अथवा पेलण्यासाठी जमिनीवर उभे केलेले कोणतेही साधन. पेलणाऱ्या प्रत्येक लोखंडी तुकड्याचा विचार इथे केलेला आहे. ज्या मातीवर हे सारे उभे राहते ती मात्र या यादीत नाही. ती येते पुढे, कलम 10मध्ये, आणि तीही नकाराने: सरकारला त्या मालमत्तेत वापरापलीकडे कोणताही हक्क मिळणार नाही, नुकसान शक्य तितके कमी करावे आणि झालेल्या नुकसानीची पूर्ण भरपाई द्यावी.

वाचायला हे न्याय्य वाटते. जमीन तुमचीच राहते. पण त्यात एक मेख आहे: कायदा 'नुकसान' मोजतो, 'उपयोग' मोजत नाही. आणि हा जुना कायदा फक्त तारेपुरता राहिला नाही. 2003च्या वीज कायद्याच्या कलम 164मुळे तार खात्याचे हे अधिकार वीज वाहून नेणाऱ्या कंपन्यांना देता येतात. 2023च्या दूरसंचार कायद्याने जुना कायदा मोडीत काढला, तरी वीजवाहिन्यांपुरता तो भाग जिवंत ठेवला. धुळ्याहून औरंगाबादकडे आणि वडोदऱ्याकडे 765 केव्हीच्या वाहिन्या गेल्या आहेत. अशा वाहिनीचा मनोरा कपाशीच्या शेतात येतो तेव्हा त्याचे चार पाय कायद्याच्या नजरेत तारेच्या खांबाचेच भाऊबंद असतात. शेतकरी अडला, तर कंपनीला जिल्हा दंडाधिकाऱ्यांकडे जाता येते. म्हणजे त्याची संमती मागितली जातेच असे नाही.

आता त्या मनोऱ्याच्या सर्वांत वर नजर टाका. तिथली जमीनजोडाची तार विजेपासून रक्षण करते, आणि अलीकडच्या वाहिन्यांवर तिच्या पोटात बहुधा ऑप्टिकल फायबर असतो. वाहिनीच्या स्वतःच्या नियंत्रणासाठी तो लागतोच. पण उरलेल्या क्षमतेचा व्यापारही होतो. पॉवरग्रिडचा दूरसंचार व्यवसाय अशाच फायबरवर उभा आहे. खांब तोच, पाय तेवढेच, ट्रॅक्टरला घालावा लागणारा वळसाही तेवढाच. फक्त विजेसाठी घेतलेल्या आधारावरून माहितीही वाहू लागली.

शेतकऱ्याचे यात काय गेले? काटेकोर उत्तर: काहीच नाही. एक ढेकूळही जास्त दबले नाही. मग त्याला काही देणे लागते का?

नाही म्हणणाऱ्यांची बाजू कच्ची नाही. प्रत्येक नव्या तारेसाठी प्रत्येक मालकाची परवानगी मागायची ठरली, तर एका हट्टी माणसामुळे सातपुड्यातल्या दहा पाड्यांना रेंज मिळणार नाही. एकाच खांबावर चार कामे भागली तर चार खांब टळतात, हे तर शेतीच्याच हिताचे. शिवाय आपल्याला इजा नसताना दुसऱ्याच्या फायद्यात वाटा मागणे हा हावरटपणाही असू शकतो. शेजाऱ्याने माझ्या दिव्याच्या उजेडात पुस्तक वाचले, तर मी त्याच्याकडे तेलाचे पैसे मागत नाही.

पण दिव्याची उपमा इथे लागू पडत नाही, कारण दिवा मी आपखुशीने लावलेला असतो. खांब शेतात आला तो सक्तीच्या बळावर. सक्तीचे समर्थन तिच्या हेतूत असते: गावांना वीज हवी, म्हणून तुझी ना चालणार नाही. हेतू बदलला की समर्थनही नव्याने द्यावे लागते. ज्या 'नाही'ला आपण एका कारणासाठी बाजूला सारले, ते दुसऱ्या कारणासाठी आपोआप बाजूला सरत नाही. म्हणून नवे नुकसान नाही हे उत्तर अपुरे आहे; प्रश्न नुकसानीचा नाही, अधिकाराच्या मर्यादेचा आहे.

गच्चीच्या भाडेकराराचे नैतिक गणित वेगळे. तिथे मालकाने सही केलेली असते, त्यामुळे शब्द त्याला बांधतात. मात्र 'उपकरणे' या शब्दाच्या व्याख्येत 'आणि भविष्यात जोडली जाणारी इतर सर्व साधने' असे एक वाक्य असेल, तर त्याने नेमके काय मान्य केले? माणूस एखाद्या यादीला होकार देऊ शकतो, एखाद्या कामालाही देऊ शकतो. अजून अस्तित्वात नसलेल्या गोष्टींना दिलेला होकार हा खरे तर होकार नसतो. तो विश्वास असतो. आणि विश्वासाने मिळालेली गोष्ट वापरणाऱ्यावर निदान कळवण्याचे कर्तव्य येते.

2023च्या कायद्याने दूरसंचाराचे जाळे आणि ते ज्यावर उभे आहे ती मालमत्ता या दोन वेगळ्या गोष्टी मानल्या आहेत. घरमालक कर्जात बुडाला तरी त्याच्या गच्चीवरच्या जाळ्यावर जप्ती येऊ नये, हा हेतू योग्यच आहे. पण वेगळेपणा दोन्हीकडून पाळायला हवा. मालकाचे संकट मनोऱ्याला लागत नसेल, तर मनोऱ्याचे नवे काम मालकाला न सांगता त्याच्या जमिनीवर चढू नये.

पुन्हा संमती नको, तिने काम अडेल. पण नव्या वापराची लेखी सूचना आणि त्यातून पैसा मिळत असेल तर त्यातला ठरलेला अंश, एवढे करारात लिहिणे अवघड नाही. त्यासाठी व्याख्येत एकच भर घालावी लागेल: आधार म्हणजे खांब, ताण, टेकू, आणि ते ज्याच्या जमिनीत रोवले आहेत तो माणूस.