पहिला नाताळ कुणाच्या घरी?

आजचा शास्त्रपाठ : लूक २:१–७ आणि रूथ १:६–१८

लूकची ही सात वचनं आपल्याला इतकी पाठ आहेत की आपण ती वाचतच नाही, नुसती आठवतो. संडे स्कूलच्या नाटकात कधी ना कधी आपण सगळेच मेंढपाळ झालोय, आणि ज्याला संवाद पाठ होत नाहीत तो हमखास उतारशाळेचा मालक व्हायचा. मान हलवायची, दार लावायचं, संपलं काम. पण आज जरा शांतपणे वाचा. लूकमध्ये हा मालक नाहीच. गाढवही नाही. पोहोचल्या पोहोचल्या त्याच रात्री बाळ जन्मलं असंही लिहिलेलं नाही. ती दोघं तिथे असताना दिवस भरले, एवढंच सहावं वचन सांगतं.

मग काय आहे? योसेफ दावीदाच्या घराण्यातला होता, म्हणून नावनिशीसाठी तो बेथलेहेमला गेला. मरीया नासरेथची. लूक १:२६ मध्ये देवदूत तिच्याकडे नासरेथलाच येतो. म्हणजे बघा, बेथलेहेम हे तिचं गाव नव्हे, तिच्या नवऱ्याच्या वाडवडिलांचं गाव. जगातला पहिला नाताळ एका मुलीने सासरच्या गावी काढला.

हे यंदा माझ्या लक्षात आलं, कारण यंदा माझाही पहिला नाताळ सासरी आहे. माहेर नांदेड, सासर लातूर, आम्ही दोघं नोकरीला पुण्यात, आणि रजा मिळून-मिळून तीन दिवस. आई नांदेडला एकटी असते. बाबांना जाऊन चार वर्षं झाली. लातूरला घर माणसांनी भरलेलं आहे. दीर, जाऊ, त्यांची दोन पोरं, आत्या, आणि सासूबाई, ज्या ऑक्टोबरपासून करंज्यांचा विषय काढतायत. तुमच्यातल्या बऱ्याच जणींनी आणि काही जणांनीही मला हाच प्रश्न वेगवेगळ्या शब्दांत विचारलाय. सणाला जायचं कुणाकडे? आणि त्याच्या आतला खरा प्रश्न: ज्यांच्याकडे जाणार नाही, त्यांचं आपण काही देणं बुडवतो का?

रूढीकडे उत्तर तयार आहे. पहिला नाताळ सासरी. गंमत म्हणजे आपल्या आसपास हिंदू घरांत पहिल्या दिवाळसणाला जावई सासरी येतो, म्हणजे लेक माहेरी येते. आपण त्यांच्याकडून करंजी, चकली, शंकरपाळे सगळं घेतलं, हे तेवढं घेतलं नाही! असो.

पुन्हा लूककडे. सातव्या वचनात आपण मराठीत ‘उतारशाळा’ वाचतो. मूळ ग्रीक शब्द आहे ‘कताल्युमा’. हाच शब्द लूक २२:११ मध्ये, वल्हांडणाच्या जेवणाच्या खोलीसाठी येतो. तिथे ती एका घरातली पाहुण्यांची खोली आहे. आणि चांगल्या शोमरोन्याच्या दाखल्यात, जिथे पैसे देऊन राहायची खरीखुरी धर्मशाळा आहे, तिथे लूक दुसराच शब्द वापरतो, ‘पान्दोखेइयोन’. म्हणून बरेच अभ्यासक म्हणतात की बेथलेहेममध्ये कुणी दार लावलं नसावं. नातलगांच्या घरातली पाहुण्यांची खोली आधीच भरलेली होती, म्हणून या दोघांना घरच्यांच्या वावरायच्या जागेत, जिथे रात्री जनावरंही बांधत, तिथे सामावून घेतलं. मत्तय २:११ मध्ये मागी येतात तेही ‘घरात’च. आपल्याकडच्या जुन्या माळवदी घरांची आठवण असलेल्यांना हे समजावून सांगावं लागणार नाही. त्याच वाड्यात एका अंगाला दावण, एका अंगाला चूल.

हे वाचन मला पटतं. ते पटलं की चित्र बदलतं. मरीया रस्त्यावर नव्हती. ती बहुधा नवऱ्याच्या नातेवाइकांच्या गर्दीत होती, आणि गर्दीत परकं वाटणं ही काय चीज आहे ते नव्या सुनांना ठाऊक आहे. स्वयंपाकघरात कुठला डबा कुठे, कोण कुणावर रुसलंय, कोणत्या विनोदावर हसायचं आणि कोणत्यावर नाही, यातलं काहीच आपल्याला माहीत नसतं. सगळे चांगलेच वागत असतात. तरी रात्री उशीवर डोकं टेकलं की आपलं गाव आठवतं.

आणि आणखी एक. आपल्याकडे पहिलं बाळंतपण माहेरी. मरीयेचं झालं नाही. तिच्या आईबद्दल शास्त्र एक अक्षर बोलत नाही. हन्ना आणि योवाखीम ही नावं नंतरच्या परंपरेतली आहेत, शुभवर्तमानातली नव्हेत. ती आई हयात होती का, तेही लिहिलेलं नाही. पण असली, तर पहिल्या नाताळच्या रात्री ती नासरेथमध्ये होती आणि तिला काही कळलेलंसुद्धा नव्हतं. देखाव्यात गव्हाणीभोवती आपण सगळ्यांना उभं करतो. तिची मूर्ती कुणी करत नाही.

आता रूथ. लग्नाच्या उपासनेत नवरीला उद्देशून रूथचा पहिला अध्याय वाचायची आपल्याकडे आवडती पद्धत आहे. रूथ सासूला सोडून गेली नाही, तशी तूही राहा, असं त्यातून सांगतात. मला हे उपदेश ऐकताना नेहमी वाटतं की वाचणाऱ्याने आठवं वचन गाळलंय. त्यात नामी स्वतः दोन्ही सुनांना परत जायला सांगते, आणि कुठे? आपापल्या आईच्या घरी. वडिलांच्या नव्हे, आईच्या. ती त्यांना आशीर्वाद देऊन, मुके घेऊन मोकळं करते. अर्पा रडते आणि परत जाते. शास्त्र तिला एका शब्दानेही दोष देत नाही. तिला दोष देणं आपण नंतर सुरू केलं. रूथ राहते ती जाण्याचं दार सताड उघडं असताना. जिच्यापुढे ते दार बंद आहे तिच्याकडून रूथसारखं राहण्याची अपेक्षा करणं म्हणजे गोष्ट उलटी वाचणं झालं.

शिवाय ती कुणाबरोबर गेली? नामीचा नवरा गेला, दोन्ही मुलगे गेले. रूथ भरल्या घराकडे गेली नाही. जी एकटी पडणार होती तिच्याबरोबर गेली. ‘सासर की माहेर’ हा प्रश्न त्या अध्यायात नाहीच. तिथे प्रश्न आहे की या रस्त्याने कुणाला एकटीला चालावं लागणार आहे.

हा माप मला वर्षं आणि दिवस वाटून घेण्यापेक्षा खरा वाटतो. पण तो वापरताना दोन अडचणी येतात, त्या लपवत नाही. एक तर भरलेल्या घराचा हक्क त्यामुळे शून्य होत नाही. सासूबाईंनी या नाताळची वाट पाहिलीय, त्यांचा आनंद खरा आहे, आणि घरात दहा माणसं आहेत म्हणून अकरावं नको असतं असं कुणी म्हणू शकत नाही. शंभरांतलं एक मेंढरू शोधायला जाणाऱ्या मेंढपाळाला नव्याण्णव नकोशी झालेली नव्हती. दुसरं, एकटेपणा कधीकधी दोरीसारखाही वापरला जातो, तिकडून ओढायला. प्रेमळ आईबापही हे करतात, नकळत. मार्क ७ मध्ये येशू कर्बानाच्या नावाखाली आईबापाला टाळणाऱ्यांना झापतो, आणि त्याच शुभवर्तमानात, मार्क ३ मध्ये, आई आणि भाऊ बाहेर बोलवत असताना तो आत बसलेल्यांना आपली आई, आपले भाऊ म्हणतो. दोन्ही खरं आहे. आणि क्रूसावर, योहान १९ मध्ये, तो आईची सोय करतो. म्हणजे आईचं बोलावणं हा त्याच्यासाठी हुकूम नव्हता, आणि आईचं एकटं पडणं त्याने शेवटच्या घटकेलाही नजरेआड केलं नाही. मला वाटतं आपल्याला या दोहोंतला फरक ओळखायला शिकायचंय, आणि तो दरवेळी नव्यानेच ओळखावा लागतो.

आता मुलग्यांनो, जरा इकडे. उत्पत्ती २:२४ उघडा. आईबापाला सोडणारा त्या वचनात कोण आहे? पुरुष. आपण ते वचन लग्नपत्रिकेवर छापतो आणि मग सोडायला लावतो मुलीला. आणि अनुवाद २४:५ तर कुणी वाचूनच दाखवत नाही. नव्याने लग्न झालेल्याला एक वर्ष लढाईवर पाठवायचं नाही, दुसरं कुठलं काम लादायचं नाही. त्याने घरी राहून बायकोला आनंदी ठेवायचं. पहिलं वर्ष कुणाच्या आनंदासाठी, याचं उत्तर नियमशास्त्रात इतकं सरळ आहे. म्हणून नाताळला काय करायचं हे घरी सांगायची जबाबदारी मुलाची. सुनेने सांगितलं की ती ‘आईवेडी’ ठरते. मुलाने सांगितलं की तो फक्त वेळापत्रक सांगतोय असं होतं. अन्याय्य आहे, पण आहे.

काहींचा प्रश्न याहून अवघड आहे. जोडीदाराच्या घरी नाताळ नाहीच, तर जायचं कुठे हा प्रश्न तारखेचा राहत नाही. त्यांनी लक्ष्मीबाई टिळकांची ‘स्मृतिचित्रे’ जरूर वाचावीत. ना. वा. टिळकांचा बाप्तिस्मा १८९५ साली झाला, लक्ष्मीबाईंचा १९०० साली. मधली पाच वर्षं एका संसाराला दोन धर्म होते, आणि ती ओढाताण त्यांनी इतक्या हसत्याखेळत्या मराठीत लिहिलीय की रडू उशिरा येतं.

आमच्याकडे एक साधा उपाय होता, आईलाच लातूरला बोलवायचं. अडलं कुठे माहितीय? आई म्हणाली, “लेकीच्या सासरी सणाला जाऊन राहत असतेत का गं? लोक काय म्हणतील?” लेकीच्या घरचं पाणीही पिऊ नये, ही समजूत आजी-पणजीपासून आलेली. आपल्या घरांनी उपासना बदलली, नावं बदलली, पण हे तसंच राहिलं. संपूर्ण पवित्र शास्त्रात यासाठी एक वचन नाही. उलट मार्क १:२९–३१ पाहा. पेत्राची सासू त्याच्याच घरी आहे, तापाने पडलेली. येशू तिला हाताला धरून उठवतो, आणि ती जावयाच्या घरी का राहते असं तिथे कुणी विचारत नाही.

लातूरकडच्या लोकांकडून याबाबत शिकण्यासारखं आहे. मार्गशीर्षातल्या वेळ अमावास्येला, म्हणजे तिकडच्या बोलीत येळवशीला, लातूर-धाराशिव भागात अख्खं गाव शेतात जातं. कडब्याची कोप करतात, भज्जी, आंबील, खीर असते, आणि ज्याला शेत नाही त्याला शेत असलेला बोलावतो. शहरातला भाडेकरू असो की बँकेत बदलून आलेला साहेब, कुणाच्या तरी शेतात त्याचं पान असतंच. ही तिथी बहुतेकदा नाताळच्या मागे-पुढे पडते; २०१९ साली ती २६ डिसेंबरला होती, २०२२ साली २३ ला. (पूजेचा आणि प्रसादाचा प्रश्न वेगळा. १ करिंथ ८ वाचू तेव्हा त्यावर लिहीन, आत्ता भांडू नका.) मी सांगतेय ते बोलावण्याच्या पद्धतीबद्दल. तिथे ‘याल का?’ असं विचारत नाहीत. ‘कितीला निघताय?’ असं विचारतात. एकट्या माणसाला ‘याल का?’ विचारलं की ते ‘नको, कशाला त्रास’ म्हणतं. लूक १४:१२–१४ मध्ये येशू परतफेड न करू शकणाऱ्यांना जेवायला बोलवायला सांगतो, त्यात बोलावणाऱ्याची ही अक्कलही धरलेली असावी.

तर नवऱ्याने हे सगळं सासूबाईंपुढे मांडलं. शास्त्रवचनं नाही, नुसतं आई नांदेडला एकटी आहे एवढंच. त्या थोडा वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, “तुम्ही पोरांनी बोलवायचं नसतं. विहीणबाईंना मी फोन करते.” आणि केला. कितीला निघताय, असंच विचारलं. करंज्यांच्या सारणात खसखस किती घालायची हेही विचारलं, जे त्यांना माझ्यापेक्षा आणि बहुधा आईपेक्षाही चांगलं ठाऊक आहे.

आईने अजून हो म्हटलेलं नाही. नाहीही म्हटलेलं नाही. चोवीसच्या रात्री कॅरलवाली पोरं येतात, त्यांना चहा कोण देईल, असं ती म्हणते, आणि त्यात खरंच तथ्य आहे. बाबा गेल्यापासून ती पोरं आमच्या दारी जरा जास्त वेळ थांबतात. ती आली तर लोहा-अहमदपूर-चाकूर मार्गे सकाळच्या एसटीने येईल, नवरा स्टँडवर घ्यायला जाईल. नाही आली तर पंचविसाची उपासना आणि जेवण लातूरला उरकून दुपारी आम्ही दोघं निघणार, आणि डबा सासूबाई भरून देणार. यातलं काय होईल ते मला लिहिताना माहीत नाही.

आज प्रार्थनेत ज्या घरात या नाताळला एकच ताट वाढलं जाणार आहे, अशा एका घराचं नाव घ्या. आणि मग फोन उचला.

उद्याचा शास्त्रपाठ : मत्तय २:१३–१५