‘मग’ या शब्दाचा हिशेब

बारावीचा निकाल लागला की आमच्या घरांत एक प्रश्न हमखास उभा राहतो : मुलाने अभियांत्रिकी घ्यावी की संगीत? आम्ही वडीलधारे समजुतीच्या स्वरात सांगतो, ‘‘आधी पदवी, मग व्हायोलिन.’’ या ‘मग’पायी किती हातांतून गज कायमचा सुटला, याचा हिशेब आम्ही कधी ठेवला नाही.

वस्तुतः या दोन विद्यांत वैर नाही. तबल्याच्या पुडीवरील शाईमुळे कातड्याची कंपने सुसंवादी होतात, म्हणून साध्या ढोलाला नसलेला स्वर तबल्याला लाभतो. कारागिराच्या कानाला ठाऊक असलेले हे सत्य चंद्रशेखर वेंकट रमण यांनी १९२० साली शास्त्राच्या भाषेत मांडले. विल्यम हर्शेल यांनी १७८१ साली युरेनसचा शोध लावला, तेव्हा संगीत हीच त्यांची उपजीविका होती.

२०२०च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणाने मुख्य विषयाबरोबर दुय्यम विषय अन्य शाखेतून घेण्याची वाट मोकळी केली आहे. परंतु वेळापत्रकाने दिलेली मुभा घराने नाकारली तर तिचा उपयोग काय? उपजीविकेची काळजी खोटी नाही. मुलाने तांत्रिक शाखा जरूर निवडावी. मात्र प्रवेश-अर्ज भरतानाच रियाजाचा तासही ठरावा, आणि त्या तासापायी चार गुण कमी पडले तर आम्ही ते निमूटपणे स्वीकारावेत. समतोल साधण्याचा उपदेश मुलाला करायचा आणि त्याची किंमत मात्र द्यायची नाही, हा न्याय नव्हे.