न घासलेला रुपया

दिवाळीच्या आधी चार दिवस आपल्या घरांत जी घासपूस चालते, तिच्यातून देवाच्या डब्यातले रुपयेही सुटत नाहीत. चिंच, राख, रिठे, नाही तर चिमूटभर रांगोळी घेऊन घरातली कोणी वडीलधारी बाई लक्ष्मीपूजनाचे रुपये असे लख्ख करते, की त्यांवरच्या राणीच्या नाकाचा शेंडा दर वर्षी थोडा थोडा कमी होत जातो. चांदी काळी दिसली म्हणजे घरात हयगय आहे, हा आपला पिढ्यान्‌पिढ्यांचा समज. आपली भाषाही त्याच बाजूची. चांगला माणूस उजळ माथ्याने हिंडतो, वाईट माणूस तोंड काळे करतो. पेशवाईत पुण्याचा अंकुशी रुपया आणि निरनिराळ्या टाकसाळींचे इतर रुपये एकाच बाजारात चालत. एकाचा दुसरा करून घ्यायचा तर सराफ वजन, कस आणि झीज पाहून बट्टा कापून घेई. तो बट्टा सराफाच्या पेढीवरून उठून माणसाच्या नावाला येऊन चिकटला, तो अजून सुटलेला नाही.

अशा ह्या लख्खपणाच्या भोक्त्या समाजात नाण्यांचा शौक करणारी काही मंडळी आहेत, ती नेमकी न घासलेल्या रुपयासाठी कितीतरी पट पैसे मोजायला तयार असतात. त्यांना काळा रुपया हवा असतो असे नव्हे. त्यांना हवा असतो रंग चढलेला रुपया. हवेत गंधकाचा अंश असतो. कोळशाच्या धुरात तो असतो, लोकरीत असतो, जुन्या कागदापुठ्ठ्यातही असतो. तो चांदीला भेटला की तिच्यावर एक अतिशय पातळ थर धरतो. थर पातळ आहे तोवर त्याच्या वरून आणि खालून परतणारा प्रकाश एकमेकांत मिसळतो आणि पावसाळ्यात रस्त्यावर सांडलेल्या तेलाच्या तवंगावर दिसतात तसे रंग दिसू लागतात. आधी फिकट पिवळा, मग सोनेरी, मग तांबूस जांभळा, मग मोरपिशी निळा. थर वाढतच गेला तर शेवटी सारे काळेठिक्कर. म्हणजे खरे पाहता हा चांदीला लागलेला एक प्रकारचा गंजच. पण मोठा देखणा गंज.

ह्या देखणेपणाची एक कथा अमेरिकेतली आहे, पण तिचे एक टोक आपल्याकडे आहे. पहिल्या महायुद्धाच्या अखेरीस हिंदुस्थानात रुपयांची टंचाई झाली. लोक नोटा घेऊन येत आणि रोख चांदी मागत. तेव्हा १९१८ साली अमेरिकेने कायदा करून आपले २७ कोटींवर चांदीचे डॉलर वितळवले आणि त्यांतली बहुतेक चांदी इंग्रज सरकारला हिंदुस्थानासाठी विकली. तिचे इथे रुपये पडले. आपल्या आजीच्या गाठोड्यातला १९१९ सालचा रुपया कदाचित मागल्या जन्मी डॉलर असेल! जे डॉलर वितळायचे वाचले, ते हजार-हजारांच्या कापडी थैल्यांत सरकारी तळघरात वर्षानुवर्षे पडून राहिले. थैलीच्या कापडाला टेकलेल्या डॉलरांवर इंद्रधनुष्य उमटले. त्यांतही एखाद्यावर दुसरा डॉलर अर्धवट रेलून बसलेला असे. मग झाकलेला भाग पांढरा आणि उघडा भाग रंगीत, अशी चंद्रकोर उमटे. आज शौकीन लोक त्या चंद्रकोरीसाठी बोली लावतात.

पैसा दिसला की अक्कल चालते. गंधकाच्या वाफेत धरलेला, उष्णता दिलेला रुपया चार दिवसांत तेच रंग दाखवू लागतो. जाणकार भिंग लावून फरक ओळखतात : नैसर्गिक रंग कडेकडून मध्याकडे हळूहळू ओसरत जातो, अक्षरांच्या आडोशाला थोडा बिचकतो, आणि त्याच्या खालून मूळ झळाळी हलते, केलेला रंग बहुधा एकदम सुरू होतो, एकदम संपतो, आणि जुन्या ओरखड्यांच्या आत जाऊन बसतो. पण हा ‘बहुधा’ महत्त्वाचा आहे. कसबी हाताने केलेला रंग भिंगालाही चकवतो. थर तोच, गंधक तेच, चांदी तीच. मग किंमत निराळी का?

प्रथम मला आंब्याचा दाखला सुचला. अढीत पिकलेला हापूस आणि कार्बाइडने पिवळा केलेला हापूस टोपलीत सारखेच दिसतात. परंतु हा दाखला फार वेळ टिकत नाही, कारण कार्बाइडचा आंबा कापला की आत आंबट निघतो. रुपया कापून काय निघणार? दोन्हीकडे ११ भाग चांदी आणि १ भाग हिणकस. खोटेपणा जर आत नाही आणि वरही दिसत नाही, तर तो आहे कुठे?

काही रसिक म्हणतात, नैसर्गिक रंगाला काळ लागला, म्हणून तो मोलाचा. हे मला अर्धेच पटते. समजा, एखाद्या गृहस्थाने आज एक रुपया मुद्दाम जुन्या पुठ्ठ्यात ठेवला आणि वीस वर्षे वाट पाहिली. काळ खरा, गंधक खरे, फक्त हेतू आत शिरला. ह्याला नैसर्गिक म्हणावे की कृत्रिम, ह्यावर शौकिनांत भांडणे होतात, आणि ती मिटतील असे मला वाटत नाही. शिवाय काळ हा काही गुण नव्हे. जो रुपया पन्नास वर्षे मंडईत फिरला, ज्याने भाजी आणली, फी भरली, औषध आणले, तो झिजून सपाट झाला म्हणून चांदीच्या भावाने जातो. आणि जो कुठल्याशा फडताळात नुसता निजून राहिला त्याच्या अंगावर राजवर्खी रंग आणि त्यालाच मान. कष्टाळू माणसाला हे पाहून राग यावा, आणि मला तो थोडा येतोही. केळकर संग्रहालयातले झिजलेले अडकित्ते आणि दिवे पाहताना वापराची झीज किती सुंदर असते ते कळते. नाण्यांच्या बाजारात त्या झिजेला कोणी विचारीत नाही.

गेल्या वर्षी शेजारच्या काकूंनी हाच प्रश्न माझ्यापुढे कागदाच्या पुडीत बांधून आणला. घराची डागडुजी निघाली होती, पैसे हवे होते, आणि दोन मुलींना काही तरी द्यायचेही होते. पुडीत दहा रुपये. नऊ लख्ख, तीन पिढ्यांच्या चिंचेने राजाराणीचे चेहरे गुळगुळीत केलेले. दहावा १९१९ सालचा, पंचम जॉर्जचा, कडेला निळाजांभळा आणि मध्ये सोनेरी. लग्नात आईने दिलेल्या शालीच्या घडीत तो ठेवलेला होता आणि शाल ट्रंकेत. काकू ओशाळून म्हणाल्या, “अहो, हा एक तेवढा घासायचा राहिलाय. घासून देऊ का?” मी जवळजवळ ओरडलोच.

गंमत पुढेच आहे. त्यांच्या भाच्याने कुठे तरी ऐकले होते की उकडलेल्या अंड्याच्या बलकाजवळ डब्यात ठेवले की चांदीला रंग चढतो. त्याचे म्हणणे, उरलेल्या नवांनाही तसेच करू. कोणाचे काय बिघडते? शंभर वर्षे हळदकुंकू ल्यालेल्या, सोवळ्यातल्या रुपयांना अंड्याची धुरी! काकूंचा नकार त्या सोवळ्यापोटी होता. माझा वेगळ्या कारणासाठी होता, आणि तो शोधताना मला मघाच्या प्रश्नाचे निदान माझ्यापुरते उत्तर सापडले.

नाशिकजवळ जोगळटेंभीला १९०६ साली नहपान क्षत्रपाच्या चांदीच्या नाण्यांचा साठा सापडला. १३,००० हून अधिक नाणी. त्यांतल्या ९,००० हून अधिक नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णीने आपला ठसा पुन्हा मारलेला आहे. नहपानाचा चेहरा खालून डोकावतो आणि वर विजेत्याची खूण. कोणी म्हणत नाही की सातकर्णीने नाणी बिघडवली, कारण त्याने आपला हात लपवला नाही. भाच्याचा हात मात्र लपणारच होता. लपला नाही तर त्या धुरीचा उपयोगच नाही. ‘हे मी रंगवले’ असे सांगून विकले तर कोणाची फसवणूक नाही, आणि गिऱ्हाईक एका सुबक वस्तूची किंमत देईल. जादा पैसे तो देतो ते रंगाचे नव्हेतच. ‘ह्याला कोणी हात लावला नाही’ ह्या न बोललेल्या वाक्याचे ते पैसे असतात. रुपया इथे साक्षीदार म्हणून विकला जातो, आणि पढवलेला साक्षीदार कितीही गोड बोलला तरी पढवलेलाच. शिवाय त्या नऊ रुपयांजवळ त्यांची स्वतःची साक्ष होतीच. त्यांचा गुळगुळीतपणा म्हणजे काकूंच्या सासूबाई, आजेसासूबाई आणि खुद्द काकू. अंड्याने ती पुसली गेली असती आणि तिच्या जागी एका कधीच नसलेल्या शालीची गोष्ट आली असती.

काकूंनी नऊ रुपये ठेवले. पाच थोरलीला, चार धाकटीला. धाकटीला पाचवा म्हणून एक चांदीचे निरांजन. शालीतला मात्र विकला, आणि त्या एकट्याचे जे आले ते ऐकून भाचा दोन दिवस अंड्याचे नाव काढीना. मी दुकानात बरोबर गेलो होतो. दुकानदाराने रुपया उजेडात तिरपा धरून बराच वेळ फिरवला, मग विचारले, “आजी, कशात होता हा?” काकूंनी शालीचे सांगितले, रंगही सांगितला, डाळिंबी. त्याने पुडीवर रुपयाचे साल लिहिले, आणि खाली बारीक अक्षरात लिहिले, ‘लोकरी शाल, ट्रंक, पुणे’.