बाण घडवणारा गुरू

॥ श्रीगुरुदेव दत्त ॥

दत्तभक्तहो, श्रीदत्तप्रभूंच्या चोवीस गुरूंची नावं आपल्यापैकी अनेकांना तोंडपाठ असतील. पृथ्वी, वायू, समुद्र, अजगर, मधमाशी... या मांदियाळीत एक कारागीरही आहे, शरकार. नाथमहाराजांनी ज्यावर टीका लिहिली त्या भागवताच्या अकराव्या स्कंधात अवधूत यदुराजाला सांगतात, की हा माणूस बाण सरळ करण्यात इतका गढला होता की शेजारून राजाची स्वारी वाजतगाजत गेली, तरी याला पत्ता नाही.

यातून मी जन्मभर 'एकाग्र व्हा' एवढंच घेत आलो. डोळे मिटून जपाला बसायचं आणि मनात मात्र बँकेतल्या व्हाउचरचा फरक शोधायचा! शरकाराचे डोळे उघडे होते आणि त्याच्या हातात हत्यार होतं, हे माझ्या कधी ध्यानातच आलं नाही.

माझे वडील सुतारकाम करायचे. खंडेनवमीला त्यांचा रंधा, पटाशी, करवत, गुण्या पाटावर मांडला जायचा आणि शेजारी माझं पेन. मी बी.कॉम. झालो, बँकेत लागलो, आणि खरं सांगतो, त्या पेटीची मला थोडी लाजच वाटायची. बाबा गेल्यावर घर बदलताना ती पेटी मी भंगारवाल्याला किलोवर दिली. पैसे मोजूनही घेतले. कारकुनाची सवय!

मागच्या दत्तजयंतीच्या आधी आमच्या वस्तीतल्या मंदिराचं दार फरशीला घासू लागलं. बिजागरीचे स्क्रू ढिले झाले होते. घरातला लहानसा पेचकस घेऊन गेलो नि स्क्रूची खाच पार घालवून बसलो. मग वर्ध्यात हार्डवेअरच्या दुकानात गेलो. दुकानदार म्हणाला, "काका, स्क्रू नाही बिघडला, पेचकस लहान पडून राह्यला. वस्तूचं नाव राहू द्या, काम काय आहे ते सांगा."

त्या दुकानात मी तासभर तरी रमलो असेन. भिंतभर लहान खण, प्रत्येकावर नमुन्याचा एकेक स्क्रू बांधलेला. नव्या दोराचा आणि तेलाचा वास. खिळे तराजूत पडतानाचा आवाज. भोक मोठं झालं असेल तर त्यात लाकडाची काडी डिंक लावून ठोकायची, वाळू द्यायची आणि मग जरा लांब स्क्रू घालायचा, हे त्यानेच समजावलं. खाचेत घट्ट बसणारा, जाड मुठीचा पेचकस दिला. अगदी तसाच बाबांच्या पेटीत होता.

आपल्या वर्ध्याला तर ही दृष्टी नवी नाही. मगनवाडीतल्या मगन संग्रहालयाचं उद्घाटन गांधीजींनी 30 डिसेंबर 1938 ला केलं. तिथे चरखे आणि ग्रामोद्योगाची अवजारं मांडलेली आहेत. त्याआधी 1929 मध्ये चरखा संघाने सुधारित चरख्यासाठी एक लाख रुपयांचं बक्षीस लावलं होतं. अटी वाचण्यासारख्या आहेत: किंमत 150 रुपयांच्या आत, वीस वर्षं टिकला पाहिजे आणि बाईला फारसे श्रम न होता सलग आठ तास चालवता आला पाहिजे. हत्यार करणाऱ्याने आधी तिच्या पाठीचा, खांद्याचा विचार करायचा! मला ही अट एखाद्या स्तोत्राइतकी पवित्र वाटते.

दुसऱ्या दिवशी मंदिरात बसलो. पेचकस खाचेत असा बसला की मनगटाला जोर लावावा लागला नाही. हत्यार चुकीचं असलं की सगळं लक्ष हत्याराकडे जातं. ते बरोबर असलं की हातात आहे हेच आपण विसरतो, उरतं ते फक्त काम. शरकाराचं तेच झालं असणार. माझं म्हणाल तर चार स्क्रू बसेपर्यंत व्हाउचर आठवलं नाही. पाचव्याला आठवलं.

दार आता एका बोटाने लागतं. यंदा खंडेनवमीला पाटावर पेनाशेजारी तो पेचकस ठेवला, हळदकुंकू वाहिलं. बाबांच्या पेटीएवढी जागा पाटावर मोकळी सोडली होती. नातवाने विचारलं, तिथे काय ठेवायचं आहे? त्याला सगळं सांगितलं, किलोचा भावसुद्धा.

अवधूतचिंतन श्रीगुरुदेव दत्त!