दोष स्पीकरचाच कशावरून?

माउली हो, गाडीतले भजन एकाएकी थांबले की आपण पहिला बोल स्पीकरला लावतो. आधी फ्यूज पाहावा, एवढीच आमची विनवणी. बिचारा स्वतः जळून तारेला राखतो. त्याच्या जागी तितक्याच अँपिअरचा नवा घालावा. चांदीचा कागद गुंडाळून काम भागवणे म्हणजे राखणदाराला बांधून दार उघडे टाकणे! तार पेटली तर आतल्या लेकराबाळांचे काय? नवाही लगेच जळाला, तर बहुधा एखादी तार सोलवटून पत्र्याला टेकली आहे, ती शोधावी. इंजिनाबरोबर चढणारी शीळ भजनात मिसळते, तेव्हा पुष्कळदा अर्थिंगची तार सैल असते. पत्र्यावरचा रंग खरवडून ती घट्ट आवळावी. स्पीकरची परीक्षा शेवटी. त्याच्या तारा सोडवून दीड व्होल्टच्या सेलला क्षणभर टेकवाव्या. ‘टक्’ वाजले, तर तो जिवंत आहे.