पाहणे आणि घेणे



सौंदर्य वस्तूत असते की पाहणाऱ्याच्या दृष्टीत, हा वाद जुनाच आहे. आज त्याकडे एका निराळ्या वाटेने जाऊ.

अमेरिकेतील शिकागो शहरात व्हिव्हियन मायर नावाच्या एक बाई सुमारे चाळीस वर्षे लोकांची मुले सांभाळून पोट भरीत होत्या. गळ्यात कॅमेरा अडकवून त्या रस्त्यांवर हिंडत. बाकावर पेंगणारा म्हातारा, रडून तोंड मळलेले पोर, दुकानाच्या काचेत उमटलेले स्वतःचेच प्रतिबिंब, असे काय काय त्यांनी कृष्णधवल चित्रांत टिपले. सामान ठेवलेल्या खोलीचे भाडे थकले म्हणून २००७ साली त्यांच्या पेट्यांचा लिलाव झाला. २००९ साली बाई वारल्या आणि त्यानंतर त्यांचे नाव जगभर झाले. निगेटिव्ह एक लाखाहून अधिक! कित्येक रोल तर धुतलेलेही नव्हते.

रंग डोळ्याला आधी ओढून नेतो. लाल लुगडे दिसले की नेसणारीचा चेहरा मागे पडतो. रंग काढून घेतला म्हणजे उरतो प्रकाश, सावली, पाठीचा बाक, हाताची ठेवण. बेळगावच्या खडे बाजारात पाठीवरून पोते उतरवणाऱ्या हमालाकडे आपण पाहतो, पण दिसते ते पोते.

मात्र दुसऱ्याच्या फाटक्या सदऱ्यात सौंदर्य पाहणे ही करुणा की चैन? सदरा ज्याचा आहे त्याला थंडी वाजते. शिवाय त्याला विचारले कोणी? मायरबाईंचा रोलीफ्लेक्स कॅमेरा पोटाशी धरून, मान खाली घालून त्याच्या काचेत पाहावे लागे. याला नम्रता म्हणावे, तर त्याच युक्तीमुळे समोरच्याला आपले चित्र निघते आहे याचा पुष्कळदा पत्ताही नसे.

पाहिल्यावर आपण त्यातून काय मागतो, यावर मी हे तोलीन. बाईंनी कीर्ती मागितली नाही, पैसा मागितला नाही. हयातीत ती चित्रे फारशी कोणाला दाखविलीही नाहीत. आता ती विकली जातात, हक्कांवरून कोर्टकज्जेही झाले. फाटक्या सदऱ्याचा मनुष्य त्या हिशेबात कोठेच नाही.

त्यांच्या काही चित्रांत मात्र समोरचा मनुष्य मान वर करून सरळ बाईंकडेच पाहतो आहे. त्या चित्रांपुढे मी अधिक वेळ थांबतो.