अभावाचे अधिकरण

पायथन ही संगणकभाषा नव्याने शिकू लागलेला विद्यार्थी प्राथमिक पाठ आटोपून दुसऱ्याने लिहिलेले एखादे तयार मॉड्यूल आपल्या कामी लावण्यास प्रवृत्त होतो न होतो तोच, पडद्यावर एक आडमुठे वाक्य त्याच्या वाटेत उभे राहते : ‘मॉड्यूल नॉट फाउंड एरर : नो मॉड्यूल नेम्ड पँडास’. या नावाचे मॉड्यूल नाही. विद्यार्थी गोंधळतो, आणि त्याचा गोंधळ सर्वस्वी रास्त असतो. कारण तेच पँडास त्याने घटकेपूर्वी स्वहस्ते उतरवून घेतलेले असते, ते यथास्थित बसल्याची ग्वाही पिप या मॉड्यूले बसवणाऱ्या साधनाने दिलेली असते, आणि तरीही यंत्र ‘नाही’ म्हणते. अशा वेळी दहा तोडगे सुचवणारे हितचिंतक पुष्कळ भेटतात. परंतु ‘नाही’ या ज्ञानाचे स्वरूप काय, ते कोणत्या प्रमाणाने होते आणि त्यावर कितपत विसंबावे, हा तोडग्यांच्या आधीचा प्रश्न होय, आणि तो आपल्याकडील शास्त्रकारांनी शतकानुशतके इतक्या निकराने लढवला आहे की त्या वादाच्या कसोटीवर ही क्षुल्लक भासणारी अडचण घासून पाहण्याचा मोह मला आवरत नाही.

वादाचा मुद्दा असा. समोरच्या भूतलावर घट नाही, हे आपल्याला कळते. पण कळते ते कशाने? डोळ्यांचा संबंध भूतलाशी जडतो, नसलेल्या घटाशी तो जडणार कसा? मीमांसक कुमारिल भट्टांनी प्रत्यक्ष, अनुमान, उपमान, शब्द आणि अर्थापत्ती या पाचांच्या जोडीला अनुपलब्धी हे सहावे प्रमाण मानले : घट शोधला, मिळाला नाही, आणि या न मिळण्यानेच त्याच्या नसण्याचे ज्ञान झाले. पुढे अद्वैत वेदान्त्यांनीही हा पक्ष स्वीकारला. प्रभाकर त्याच मीमांसेतले, पण त्यांनी अभाव नावाचा स्वतंत्र पदार्थच नाकारला. मोकळे भूतल दिसते, त्याहून अधिक काही नाही, असे त्यांचे म्हणणे. बौद्ध आचार्य धर्मकीर्तींनी अनुपलब्धीला अनुमानाच्या हेतूंत बसवले. नैयायिकांनी मात्र अभावाला द्रव्य-गुण-कर्मादिकांच्या पंक्तीस सातवे पान मांडले, आणि त्याचे ज्ञान इंद्रियांनीच होते असा आग्रह धरला. अन्नंभट्टांच्या तर्कसंग्रहात सप्तपदार्थांची जी गणना आहे ती याच पक्षाची.

यंत्र यांपैकी कोणाच्या बाजूचे? इम्पोर्टचा हुकूम सुटला की पायथन प्रथम पूर्वी आणलेल्या मॉड्यूलांच्या नोंदवहीत, म्हणजे सिस.मॉड्यूल्समध्ये, पाहते, तेथे नाव नसल्यास आपल्या पदरच्या शोधकांना क्रमाने विचारते, ज्यांपैकी एक भाषेच्या पोटातच घडवलेली मॉड्यूले जाणतो, दुसरा गोठवून ठेवलेली जाणतो, आणि तिसरा सिस.पाथ या यादीतील फोल्डर एकामागून एक धुंडाळतो. प्रत्येकाकडून नकार आल्यावरच ते वाक्य पडद्यावर उमटते. अभाव त्याला कोठेही दिसलेला नसतो. शोध संपला आणि हाती काही आले नाही, एवढ्याच भांडवलावर त्याने निवाडा दिलेला असतो. यंत्र भाट्ट मीमांसक आहे, यात मला संशय वाटत नाही. (नैयायिकांचे मन राखायचे झाल्यास असे सांगता येईल की त्या नोंदवहीत एखाद्या नावापुढे मुद्दाम ‘नन’ लिहून ठेवले, तर पायथन शोधाला न निघता तत्काळ नकार देते, तेथे अभाव हीच एक नोंद होऊन बसलेली असते.)

परंतु विद्यार्थ्याच्या उपयोगी पडते ती नैयायिकांचीच शिस्त. त्यांचे सांगणे असे की अभाव कधी सुटा नसतो. तो कशाचा तरी असतो आणि कोठे तरी असतो. ज्याचा अभाव, तो प्रतियोगी. जेथे अभाव, ते अधिकरण. ही दोन्ही सांगितल्यावाचून ‘नाही’ हे वाक्य पुरे होत नाही. आता आपले वाक्य पाहावे. प्रतियोगी त्यात स्पष्ट आहे, पँडास. अधिकरणाचा उच्चारही नाही. दिवाणी न्यायालयाचा बेलिफ समन्स बजावण्यास जाऊन ‘सदर इसम दिलेल्या पत्त्यावर मिळून आला नाही’ असा शेरा मारून परततो, तेव्हा तेवढ्यावरून तो इसम मयत झाला असे कोणी धरत नाही, पत्ता कोणता होता हे आधी पाहिले जाते; पायथनच्या शेऱ्यात पत्त्याचा रकाना कोरा असतो, आणि नवखा विद्यार्थी त्या कोऱ्या रकान्यात नकळत अवघे विश्व भरतो. ‘या पायथनच्या, या यादीतील फोल्डरांत नाही’ एवढेच जे विधान होते, ते त्याच्या कानी ‘कोठेच नाही’ असे पडते.

आणि संगणकावर पायथन एकच असते असेही नाही. एक कार्यप्रणालीने आपल्या कामासाठी ठेवलेले, एक विद्यार्थ्याने स्वतः आणलेले, आणि २०१२ साली आलेल्या ३.३ या आवृत्तीपासून व्हेन्व्ह या सोयीने प्रत्येक प्रकल्पाला जे आपापले स्वतंत्र एन्व्हायर्नमेंट करून देता येते त्यातले निराळेच. पिप एका मुलखाच्या चाकरीत असते आणि प्रोग्राम दुसऱ्या मुलखात चालवला जातो. पिपची ग्वाही खरी असते आणि यंत्राचा नकारही खरा असतो, दोहोंत विरोध मुळीच नसतो, कारण अधिकरणे भिन्न. म्हणून पहिली चौकशी मॉड्यूलाची करू नये, ठिकाणाची करावी : सिस.एक्झिक्युटेबल छापून पाहावे, म्हणजे कोणते पायथन बोलते आहे ते कळते, सिस.पाथ छापून पाहावे, म्हणजे ते कोठे कोठे पाहते ते कळते. आणि पिपला परस्पर हाक न मारता ‘पायथन -एम पिप इन्स्टॉल’ असे त्याच पायथनच्या मार्फत बोलवावे, म्हणजे चाकर कोणाचा हा वाद उरत नाही. हे न करता सगळे उखडून पुन्हा बसवणारे लोक असतात, आणि त्यांचे काम पुष्कळदा होतेही. पण काय बिघडले होते हे त्यांना कळत नाही, म्हणून तोच प्रसंग पुन्हा आला की पुन्हा सगळे उखडावे लागते.

अभावाचे प्रकारही येथे नुसते पांडित्यापुरते राहत नाहीत. मॉड्यूल अद्याप बसवलेलेच नाही, हा प्रागभाव. त्याला आरंभ नसतो पण अंत असतो, आणि पिपच्या एका हुकुमाने तो संपतो. डिस्टयुटिल्स हे पायथनसोबत वर्षानुवर्षे येणारे मॉड्यूल २०२३ च्या ऑक्टोबरात निघालेल्या ३.१२ या आवृत्तीतून काढून टाकण्यात आले, हा प्रध्वंसाभाव. याला आरंभ असतो, अंत नसतो, आणि जुन्या पुस्तकावरून शिकणारा त्याची कितीही वाट पाहो, ते परत यावयाचे नाही. सेटअपटूल्स बसवल्यावर त्याच नावाने जे हाती येते ती निराळी व्यक्ती, जसा फुटलेल्या घटाच्या जागी आलेला घट नैयायिकांच्या लेखी निराळा. अन्योन्याभाव, म्हणजे ‘हे ते नव्हे’, याचा दाखला सर्वांत फसवा आहे. विद्यार्थी आपल्या फाइलीला ‘ईमेल.पीवाय’ असे नाव देतो. प्रोग्रामचे स्वतःचे फोल्डर यादीत अग्रभागी असल्याने पायथनला भाषेसोबत आलेल्या ईमेलऐवजी हे घरचे ईमेल आधी सापडते, आणि त्याच्या आत ‘माइम’ शोधू जाता ते ‘ईमेल हे पॅकेज नव्हे’ असे उत्तर देते. येथे काही कमी पडलेले नसते, भलतेच सापडलेले असते. फाइलीचे नाव बदलणे एवढाच उपाय.

तरीही एक अट राहते, आणि सर्व पक्षांनी तिच्यावर भर दिला आहे : न मिळण्यावरून नसणे ठरवायचे तर ती वस्तू तेथे असती तर मिळालीच असती, अशी खात्री हवी. अंधारात घट दिसला नाही, त्यावरून घट नाही असे ठरत नाही. परमाणू डोळ्यांना दिसत नाही, त्यावरूनही काही ठरत नाही. प्रमाण ठरते ती योग्यानुपलब्धी. ओपनसीव्ही-पायथन या नावाने बसवलेले पॅकेज ‘सीव्ही२’ या नावाने बोलवावे लागते, पिलो ‘पीआयएल’ या नावाने, सायकिट-लर्न ‘एसकेलर्न’ या नावाने. दुकानातील नावाने हाक मारणाऱ्याला ओ मिळत नाही, आणि त्या मौनाला काडीचेही प्रामाण्य नसते. प्रोग्राम चालू असताना नवी फाइल निर्माण केली, तर फोल्डरातील वस्तूंची पायथनने पूर्वी करून ठेवलेली यादी शिळी होऊन ते अस्तित्वात आलेल्या वस्तूलाही ‘नाही’ म्हणू शकते, आणि ती यादी रद्द करण्यासाठी इम्पोर्टलिबमध्ये स्वतंत्र हुकूम ठेवलेला आहे. शोध योग्य रीतीने झाला की नाही, हे यंत्र तपासत नाही. ते आपली जबानी देते. तिची छाननी माणसानेच करावयाची असते.

हीच अट ईश्वराच्या अस्तित्वाच्या वादात निर्णायक ठरली. ईश्वर दिसत नाही, सबब तो नाही, या आक्षेपाला उदयनाचार्यांनी दहाव्या शतकाच्या सुमारास न्यायकुसुमांजलीत दिलेले उत्तर तत्त्वतः एवढेच की जो दर्शनास योग्यच नाही त्याच्या अदर्शनाने त्याचा अभाव सिद्ध होत नाही. उत्तर बिनतोड आहे. परंतु आस्तिकांपैकी पुष्कळांनी त्याचा भलताच लाभ घेतला आहे. बाधक प्रमाण ढासळले की साधक प्रमाण आपोआप उभे राहिले, असे मानून ते निर्धास्त होतात. यादी चुकीची होती हे कळल्याने पँडास बसलेले आहे असे ठरत नाही. ते बसलेही नसेल. अधिकरण आणि योग्यता यांची छाननी नास्तिकाचा उतावीळ नकार रोखते, पण आस्तिकाच्या पदरात ती काहीही टाकत नाही, हे मान्य करणे मला प्रामाणिकपणाचे वाटते. उदयनाचार्यांना याची पुरती जाणीव होती. म्हणूनच त्या ग्रंथाच्या तिसऱ्या स्तबकात, म्हणजे प्रकरणात, अनुपलब्धीचा निकाल लावून ते स्वस्थ बसले नाहीत, आणि ईश्वराची साधक प्रमाणे मांडण्यासाठी त्यांनी पाचवा स्तबक निराळा लिहिला.